उभ्याने बजेट मागायचं

आमच्या साहेबांच्या खोलीत पाहुण्यासाठी खुर्ची नव्हती. पूर्वी एक होती, ती त्यांनी स्वतः उचलून स्टोअरमध्ये जमा केली होती आणि तिची रीतसर पावतीही घेतली होती. बजेट मागायला येणाऱ्याने उभ्याने मागायचं, हा त्यांचा नियम. समोरचा उभा असेतोवर तेही उभे राहत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "बसला की माणूस सैल पडतो," ते म्हणत, "आणि सैल पडला की जास्त मागतो. उभ्याने मागितलं की पाय दुखतात. मग जेवढं लागतं तेवढंच आठवतं."

सडपातळ बांधा, वय पन्नाशीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन त्यांनी कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. ते नुसतं दिसलं तरी पुरतं, असं त्यांचं मत होतं. चहा पाजत, पण आकडा ठरल्यावर. आधी चहा दिला तर समोरच्याला वाटतं आपलं निम्मं काम झालं, म्हणून.

मी सोलापूरचा. कॉस्टिंगची परीक्षा पास होऊन सौदीतल्या दम्मामच्या या कंपनीत लागलो तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. साहेब रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, कोकणी मुसलमान. शाळा सातवीत सुटलेली. कंपनीत टाइमकीपर म्हणून चिकटले आणि वीस वर्षांत डेपोचे बजेट कंट्रोलर झाले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि नाव तिथल्या तिथे विसरले. पुढची सहा वर्षं मी त्यांचा 'सोलापूरकर'च राहिलो.

"तुझ्या परीक्षेत बजेट म्हंजे काय शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मी पाठ केलेलं सांगितलं, "बजेट म्हणजे व्यवस्थापनाच्या हातातलं नियंत्रणाचं साधन."

"साधन? पान्यासारखं?"

"हो, तसंच म्हणा."

"मग पिळायचं कोणाला?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी गप्प बसलो. म्हणजे उभाच होतो.

आमची कंपनी अवाढव्य होती. मजुरांचे कॅम्प चालवायचे, त्यांना जेवू घालायचं, कपडे धुवायचे, बसमधून कामावर न्यायचं आणि परत आणायचं, असा तिचा धंदा. देशभर डेपो, आणि मुख्य कचेरी रियाधला. एवढा पसारा रियाधच्या सातव्या मजल्यावरून दिसणार कसा? म्हणून त्यांनी बजेटची दोरी बांधलेली. दर महिन्याला प्रत्येक खात्याचा ठरलेला खर्च आणि झालेला खर्च शेजारी शेजारी मांडून रियाधला पाठवायचा. फरक पडला की जाब विचारला जायचा. तिथला फायनान्स डायरेक्टर इंग्रज होता. तो एकदा भेटीला आला तेव्हा टेबलावर बोट आपटत म्हणाला होता, की बजेट हा लगाम आहे, तो सैल सोडलात तर घोडा तुम्हाला कुठेही नेईल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तो गेल्यावर साहेब म्हणाले, "लगाम घोड्याला लावतात. माणसाकडून जबान घ्यायची असते. ह्याने आयुष्यात एक तरी कॅम्प बघितलाय का?"

आता लगाम म्हटला की तो चुकवणारेही आलेच. शंभर हवे असले की मॅनेजर लोक दीडशे मागत. कचेरी पन्नास कापणार हे त्यांना ठाऊक, आणि ते पन्नास वाढवून मागणार हे कचेरीला ठाऊक. वर्ष संपत आलं आणि पैसे उरले तर ते खर्चून टाकायची धांदल, कारण उरलं तर पुढच्या वर्षी तेवढं कमी मिळणार. मी पुढे आणखी तीन कंपन्यांत नोकऱ्या केल्या. सगळीकडे हाच खेळ पाहिला, फक्त टाय महाग होत गेले.

साहेब हा खेळ खेळत नसत. ते उठून ती वस्तू बघायला जात. आमच्या किचनचे मॅनेजर हैदराबादचे होते, गोड बोलणारे, पोट सुटलेले. त्यांनी एका वर्षी स्टीलच्या सहाशे नव्या थाळ्या मागितल्या. कारण विचारलं तर म्हणाले, "टूट जाते ना साब, हर साल टूट जाते." साहेब त्यांना घेऊन किचनमध्ये गेले, मला बरोबर घेतलं, आणि एक थाळी मॅनेजरच्या हातात देऊन म्हणाले, "तोड़ के दिखाओ." मॅनेजरने हसत हसत ती फरशीवर टाकली. थाळी ठणाणत पार भट्टीखाली गेली. आचारी कामं सोडून बघत राहिले. साहेबांनी वाकून ती काढली, रुमालाने पुसली आणि म्हणाले, "सौ देता हूँ. चोरी होती है लिखते तो तीन सौ देता."

त्यांचं हे सगळं कुठून आलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एका शुक्रवारी ते आमच्या घरी आले होते. माझ्या बायकोने केलेली शेंगाचटणी त्यांना फार आवडायची. त्या दिवशी ते वडिलांबद्दल बोलले. वडील तांडेल होते. शिडाचं गलबत घेऊन थेट इराकातल्या बसऱ्याला जायचे आणि खजूर भरून परत यायचे. निघायच्या आधी पाण्याची पिंपं भरताना ते सगळ्या खलाशांना रांगेत उभे करायचे आणि एकेकाला सर्वांदेखत विचारायचे, तू दिवसाला किती पाणी पितोस?

"सगळ्यांच्या समोर का?" मी विचारलं.

"जास्त सांगितलं तर बाजूच्याचं कमी होतं. मग बाजूचाच बोलतो, काय रे, एवढं कधी पितोस? आणि लाजून कमी सांगितलं तर दर्यात घसा सुकतो. दर्यात दुकान नसतं, सोलापूरकर. बाप कोणाचं एक भांडं कापत नव्हता. कापायच्या आधी विचारायचा."

बायको तव्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुमचे वडीलही उभ्याने बजेट घ्यायचे." साहेब खुशीत आले आणि त्यांनी आणखी एक भाकरी घेतली.

या माणसाला डेपोत फार कोणी प्रेमाने बघत नसे. चिक्कू म्हणत, खडूस म्हणत. रियाधचा नियम होता, की एका खात्याला मंजूर झालेली वस्तू किंवा पैसा वरच्या परवानगीशिवाय दुसऱ्या खात्यात वळवायचा नाही. वळवणाऱ्याची नोकरी जाऊ शकत असे. साहेब तो नियम खिळ्यांच्या डबीलाही लावत. एकदा नमाजाच्या खोलीतला नळ गळायला लागला. प्लंबिंगचं त्या महिन्याचं बजेट संपलेलं, ऑफिस दुरुस्तीचं शिल्लक. मी म्हटलं, दहा रियालचं काम आहे, त्यातून करून टाकू. ते म्हणाले, खलास, पुढच्या महिन्यात बघू. नळाखाली बादली लावली. अकरा दिवस हा स्वतः पाच वेळचा नमाजी माणूस त्या बादलीतल्या पाण्याने हातपाय धुऊन वुजू करत होता. महिना उलटताच पहिल्या दिवशी प्लंबर आला.

पण एका माणसापुढे ते स्वतःहून जायचे. आमच्या गॅरेजचे फोरमन खानसाहेब, पेशावरकडचे पठाण, यांच्यापुढे. खानसाहेब वर्षाची मागणी अर्ध्या कागदावर लिहून ठेवत. इतके टायर, इतक्या बॅटऱ्या, इतकं ऑइल. त्यात एक फिल्टरही जास्त नसे. साहेब तो कागद मला दाखवून म्हणत, "हे बघ. ह्याला बजेट म्हणतात. ह्याच्यावर लाल पेन चालवायचं नाय."

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. कुवेत आमच्यापासून गाडीने चार-पाच तासांवर. गावाकडून पत्रं यायला लागली, परत या. काही लोक गेलेही. रियाधची मुख्य कचेरी बिथरली आणि सप्टेंबरात तिचा टेलेक्स आला, की उरलेल्या महिन्यांचं प्रत्येक डेपोचं बजेट एकूण दहा टक्क्यांनी कमी करून चार दिवसांत पाठवा. नेमके साहेब तेव्हा मुलीच्या लग्नाला गावी गेले होते. गावातून लाइन लागत नव्हती, म्हणून चिपळूणला जाऊन त्यांनी फोन केला. मागे एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता.

"सगळ्यांना भेट," ते ओरडून सांगत होते. "सोळा खाती हायत. एकेकाला विचार, काय नसलं तरी चालेल. जो फुगवतो त्याचं वीस काप, जो खरं बोलतो त्याचं काही कापू नको. दिवसाला चार झाली तरी होतंय."

मी हो हो म्हटलं. फोन ठेवला आणि कॉम्प्युटर उघडला. तो नवाकोरा होता आणि आख्ख्या डेपोत तो मलाच चालवता येत असे. सोळा खात्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हैदराबादी गोडवा ऐकायचा, प्रत्येकाशी वाद घालायचा, याची मला गरज वाटली नाही. एका ओळीचं सूत्र टाकलं आणि सगळ्या आकड्यांतून सरसकट दहा टक्के वजा केले. दहा मिनिटांत काम झालं. सगळ्यांना सारखाच न्याय, असंही मी स्वतःला समजावलं.

साहेब परत आले तेव्हा तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवला.

"विचारलंस सगळ्यांना?"

"हो साहेब."

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग निळं पेन काढून त्यांनी सही केली.

पुढचे तीन-चार महिने आमच्या डेपोत कोणालाच काही जाणवलं नाही. ज्यांनी दीडशे मागितले होते त्यांना एकशे पस्तीस मिळाले, तेही गरजेपेक्षा जास्तच. खानसाहेबांचं मात्र सगळं मोजून-मापून होतं. दहा टक्के कमी करायला त्यांच्याकडे चरबीच नव्हती. ऑइल कमी करता येईना, फिल्टर कमी करता येईनात. त्यांच्याकडे चार बस होत्या आणि चारींना नवे टायर लागणार होते. त्यांनी तीन बसना टायर घातले आणि चौथी गॅरेजच्या मागे विटांवर चढवून ठेवली. तक्रार केली नाही. वरून हुकूम आला असेल, असं ते समजले.

जानेवारीत इराकने कुवेत सोडावं म्हणून संयुक्त राष्ट्रांनी दिलेली मुदत संपत आली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, दुकानांतलं पाणी संपलं, भारतीय शाळा बंद झाली. घराघरात विषारी वायूपासून वाचवणारे मास्क वाटले गेले. आमच्या मुलीने तो घालायला साफ नकार दिला. कंपनीने ठरवलं, की दम्मामच्या सगळ्या कुटुंबांना बुरैद्याला हलवायचं. तिथे कंपनीची क्वार्टर्स रिकामी होती आणि ते सीमेपासून लांब होतं. पुरुषांनी मागे राहून कॅम्प चालवायचे. डेपोचा मोठा मॅनेजर नाताळच्या सुट्टीला म्हणून गेला होता तो परतलाच नव्हता. त्यामुळे सगळा भार साहेबांवर होता. रजिस्टरवर चार बस होत्या, तेवढ्यावरच घाईत प्रत्येक बसची वेगळी यादी झाली, नाक्यावर दाखवायला प्रत्येक यादीसोबत कफीलचं, म्हणजे आम्हाला कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाचं, पत्र. माझी बायको आणि मुलगी चौथ्या यादीत होत्या.

मुदतीला दोन दिवस उरले होते. सकाळी सात वाजता सगळी कुटुंबं यार्डात जमली. पेट्या, दुधाचे डबे, रडणारी पोरं. तीन बस भरल्या. उभं राहायलाही जागा उरली नाही. मुलीने माझं बोट धरून गॅरेजमागच्या चौथ्या बसकडे बघितलं आणि शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "पपा, इस बस के तो व्हील ही नहीं हैं."

मी तिला आईकडे पाठवलं.

साहेबांनी खानसाहेबांना सगळ्यांसमोर विचारलं, ही बस अशी का?

खानसाहेब शांतपणे म्हणाले, "साब, चार का माँगा था. तीन का मिला."

यार्डात तीस-चाळीस बायका, त्यांचे नवरे, सगळे साहेबांकडे बघायला लागले. कोणीतरी मागून म्हणालं, बचाओ अब पैसा. बाजारात टायर मिळण्याची सोय नव्हती. आठवड्याभरात लोकांनी टायर, बॅटऱ्या, जेरीकॅन सगळं उचललेलं होतं. रियाधचा फोन लागत नव्हता. साहेब म्हणाले, "मैंने काटा. दस्तखत मेरा है." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच होतो, चार पावलांवर. माझी जीभ उचलली नाही. बायको पेटीवर बसली होती आणि तिला वाटत होतं, की माझे साहेब कसे असं करू शकले.

मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "सोलापूरकर, जा. खानसाहेबांना विचार, बस उभी करायला काय काय लागतं."

मी खानसाहेबांजवळ गेलो. "खानसाहेब, क्या क्या चाहिए?"

"छह टायर. एक बैटरी."

"और?"

"और कुछ नहीं." त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "सितंबर में पूछते, तब भी यही बोलता."

विचारायचं काम माझं होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्तच लागलं.

साहेब आकडा ऐकून थेट किचनच्या स्टोअरकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. किचनच्या मांस आणायच्या ट्रकला आणि बसला एकाच मापाचे टायर लागत. डिसेंबरात हैदराबादी मॅनेजरचे पैसे उरले होते, म्हणून त्यांनी ट्रकसाठी सहा नवे टायर घेऊन कुलपात ठेवले होते. कोण कुठे जास्त मागतो हे साहेबांना माहीत असायचं, आणि ते जास्तीचं कुठे पडून असतं हेही.

मॅनेजर दारात आडवे उभे राहिले. "साब, वो टायरां मेरे बजट के हैं. हेड ऑफिस का कागज लाओ. उसूल आपका ही है."

त्यांचं बरोबर होतं. या उसुलापायी साहेबांनी त्यांना आजवर झाडूसुद्धा बदलू दिला नव्हता. साहेबांनी मान डोलावली. मग मागणीपत्राचा एक कोरा कागद घेतला, ट्रकच्या बॉनेटवर ठेवला आणि निळ्या पेनाने लिहिलं, की किचनचे सहा टायर मी गॅरेजकडे वळवत आहे, मला तसा अधिकार नाही, जबाबदारी माझी. खाली सही, तारीख, वेळ. कागद मॅनेजरच्या हातात दिला. "अब?"

मॅनेजरने तो दोनदा वाचला. "साब, नौकरी जाती आपकी," ते हळू आवाजात म्हणाले.

"ती माझी हाय ना? तू चावी दे," साहेब चक्क मराठीत म्हणाले.

मॅनेजरने चावी दिली. नुसती दिली नाही, बाह्या वर सारून स्वतः टायर लोटायलाही लागले. त्यांची बायको पहिल्या बसमध्ये बसून कधीच निघाली होती. बॅटरी साहेबांच्या ऑफिसच्या गाडीतून काढली. दोन वाजता चौथी बस यार्डाबाहेर पडली. खानसाहेबांनी दुसऱ्या कोणाला चालवू दिली नाही, स्वतः बसले. मुलगी मागच्या काचेतून हात हलवत होती. बायकोने हलवला नाही, ती डोळे पुसत होती.

बुरैदा म्हणजे दहा-बारा तासांचा रस्ता. शिवाय सगळा देशच रस्त्यावर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ऑफिसात गेलो तर साहेब आधीच टेलिफोनपाशी उभे. पहिल्या तीन बस पोचल्याचा निरोप आला होता, चौथीचा नव्हता. आठ वाजले, नऊ वाजले. फोन वाजला की मी झडप घालायचो आणि कोणीतरी तांदळाच्या गोणींबद्दल विचारायचं. मला सगळ्या वाईट गोष्टी सुचत होत्या. टायर नवे होते, पण चालवणारा माणूस रात्रभर जागा. नाक्यावर पत्र चाललं नसेल तर? रियाधच्या पुढे मुदतीआधीच काही पडलं असेल तर?

दहाच्या सुमाराला फोन आला. बायको होती. "पोचलो," ती म्हणाली. "सगळे नीट आहोत. वाटेत दोन ठिकाणी अडवलं, म्हणून उशीर. खोली गार आहे, पण हीटर आहे. पोरगी खजूर खातेय, हात सगळे चिकट करून ठेवलेत. ऐकू येतंय ना?"

ऐकू येत होतं, मी फोनवरच नुसती मान हलवत होतो. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, खानसाहेब कसे हायत? झोपले? झोपू दे." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी टेबलाच्या कडेवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. इतकं हलकं मला त्याआधी आणि त्यानंतर कधीच वाटलेलं नाही. त्या हलकेपणातच तोंडातून निघून गेलं, "साहेब, मी कोणालाच विचारलं नव्हतं. सप्टेंबरात. सगळ्यांचे सरसकट दहा टक्के कापले. तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत हाय," डोळे न उघडता ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तेव्हाच कळलं. सोळाच्या सोळा जणांचं बरोब्बर दहा टक्के. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

मग म्हणाले, "लग्न उरकून आलो होतो. अंगात त्राण नव्हतं. तुझा कागद फाडला असता तर सोळा दारं मलाच परत फिरावी लागली असती. खानसाहेबांचं पण कापलंयस, ते पण दिसलं मला. म्हटलं, जाऊ दे, तीन महिन्यांचा तर प्रश्न. आणि सही ठोकली." त्यांनी डोळे उघडले. "तुला कंटाळा आला, मला पण आला. तू लहान हायस. मला माफी कसली?"

मी इतकी वर्षं त्या माणसाला कधी चुकताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्या शेजारी उभा राहायला कोणीतरी होतं.

तीन दिवसांनी युद्ध सुरू झालं. पुढचे सहा आठवडे भोंगे वाजत राहिले. भोंगा झाला की आम्ही मास्क चढवून जिन्याखाली बसायचो आणि थांबला की पुन्हा आकडे. महिनाअखेरीला रियाधच्या छापील फॉर्मात आम्हाला गॅरेजच्या खात्यातला फरक दाखवावा लागला. कारण लिहायला तिथे जेमतेम एक ओळ असे. लोक तिथे 'बाजारातील परिस्थिती' असं काहीतरी ठोकून द्यायचे, आणि युद्धाच्या दिवसांत ते सहज खपलंही असतं. मी तसंच लिहायला घेतलं होतं. साहेबांनी कागद ओढून घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, "कापताना आम्ही विचारलं नाही." खाली सही केली, मग पेन माझ्यापुढे धरलं. मीही केली.

रियाधचं उत्तर मार्चअखेरीला आलं, सगळं शांत झाल्यावर. इंग्रज डायरेक्टरने लिहिलं होतं, की परवानगीशिवाय साहित्य वळवणं हा गंभीर गुन्हा आहे, परंतु परिस्थिती लक्षात घेता दोघांचीही या वर्षीची पगारवाढ रोखून प्रकरण मिटवण्यात येत आहे. नोकरी जाईल म्हणून साहेबांनी गावाकडच्या घराच्या डागडुजीचं काम थांबवायला सांगितलं होतं. पत्र वाचून त्यांनी चिपळूणला फोन लावला आणि कौलं घालून घ्या म्हणाले.

एप्रिलमध्ये बायको आणि मुलगी परत आल्या. मी ते पत्र तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. आपण ज्या बससाठी सात तास पेटीवर बसून राहिलो ती कोणामुळे विटांवर होती, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने पत्र पुन्हा एकदा वाचलं, घडी घातली. चिडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "या शुक्रवारी साहेबांना जेवायला बोलवा. आणि खानसाहेबांना पण."

"बोलावतो."

"आणि खानसाहेब काय खातात, किती तिखट खातात, ते आधी जाऊन विचारून या. आपल्या मनाने ठरवू नका."

दुसऱ्या दिवशी साहेबांना आमंत्रण दिलं आणि हा निरोपही जसाच्या तसा सांगितला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने हसताना पाहिलं. हसता हसता ते डोळे पुसायला लागले आणि म्हणाले, "मग तुला कशाला घेतला रे मी? तिला घेतली असती तर चारही बसा सकाळीच सुटल्या असत्या."